कॅम्पर व्हॅनवर डिश: कोणती घ्यायची, कशी लावायची?

रंकाळाकाठ
मंडळी, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर होतेय, आतलं सुतारकाम संपत आलंय. मागच्या बाकाखाली १२ व्होल्टची १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी (साधी लेड-अ‍ॅसिड), २४ इंची एलईडी टीव्ही, छपरावर सोलर. फिरणं म्हणजे राधानगरी, आंबोली, तारकर्ली आणि वर्षातून एकदा हंपी. मुक्काम दोन ते चार रात्री.

प्रश्न असे:
१. कोणतं डीटीएच घ्यावं?
२. डिश छपरावर पक्की ठोकावी की जमिनीवर स्टँडला?
३. इन्व्हर्टरशिवाय चालेल का?
४. प्रत्येक मुक्कामी नवा अँगल शोधत बसावं लागतं का?

"नेट आहे की" हे उत्तर कृपया नको.

मिसळपंथी
नेट आहे की.

गवा_आला_पळा
@मिसळपंथी, दाजीपूरच्या अलीकडे मोबाईलचा एक दांडा येतो आणि जातो. आणि जिथं येतो तिथंही एचडी बघायचं तर तासाला दीड-दोन जीबी उडतो. चार दिवस, चौघं जण. हिशोब तूच कर.

अंशमापे
चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याच्या उत्तरावर पहिले दोन अवलंबून आहेत.

आपले सगळे डीटीएच उपग्रह कोल्हापूरहून आग्नेयेला दिसतात. आकडे कोल्हापूर शहराचे. दिशा म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेले अंश, एलेव्हेशन म्हणजे क्षितिजापासून वर.

टाटा प्ले, ८३ पूर्व: दिशा १५२, एलेव्हेशन ६८
डी२एच, ८८ पूर्व: दिशा १४०, एलेव्हेशन ६५
डीडी फ्री डिश, जीसॅट-१५, ९३.५ पूर्व: दिशा १२९, एलेव्हेशन ६० (सन डायरेक्टही इथंच)
डिश टीव्ही, ९५ पूर्व: दिशा १२७, एलेव्हेशन ५९
एअरटेल, १०८.२ पूर्व: दिशा ११३, एलेव्हेशन साडेसेहेचाळीस

आता गंमत बघ. फ्री डिश धरली तर तारकर्लीला एलेव्हेशन ६०च राहतं, फक्त दिशा १२९ वरून १२७ होते. महाबळेश्वरला एलेव्हेशन ५९. हंपीला मात्र ६३ होतं आणि दिशा १३१. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण तीन अंश रुंद असते, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड. त्यामुळे घाट उतरून कोकणात गेलास तरी एलेव्हेशनच्या नटाला हात लावायचा नाही. मार्करनं रेघ मारून ठेव. हंपीसाठी दुसरी रेघ. मुक्कामी फक्त डावी-उजवीकडे फिरवायचं काम उरतं.

पण हे सगळं एका अटीवर: खांब ओळंब्यात हवा. खांब तिरपा असेल तर फिरवताना एलेव्हेशनही बदलत जातं आणि मारलेली रेघ निरर्थक होते. लोक अर्धा तास सिग्नल शोधतात तो खांबाच्या या चुकीपायी, डिशच्या नाही.

तिखट_जाळ
नाद खुळा! अंशमापे अण्णा, हे आकडे प्रिंट काढून ट्रॅव्हलरच्या दाराला आतून चिकटवायला पाहिजेत.

शाहूपुरीतली
छपरावर ठोकू नका. कारण सरळ आहे: गाडी सावलीत हवी, डिश उघड्यावर हवी. दोन्ही एका जागी होत नाही. तारकर्लीला सुरूच्या झाडाखाली गाडी लावली की छपरावरची डिश आंधळी. स्टँडवरची डिश केबलच्या लांबीएवढी कुठेही नेता येते. शिवाय छपराला पाडलेलं प्रत्येक भोक आंबोलीच्या पावसात आत ठिबकणार.

झाडापासून किती लांब? फ्री डिशच्या साठ अंशांना सोपा नियम: डिशच्या पातळीपासून झाड जितकं उंच, त्याच्या साधारण सहा दशांश अंतर. पंधरा मीटरची निलगिरी असेल तर नऊ मीटर. एअरटेलची डिश खाली बघते म्हणून तिला याच झाडापासून चौदा-पंधरा मीटर लागतात. अर्थात हे फक्त आग्नेयेच्या बाजूच्या झाडांसाठी. मागं जंगल असलं तरी फरक पडत नाही. डोंगरांचं भय नको, साठ अंशांच्या वर जाणारा डोंगर अगदी कड्याला टेकून गाडी लावल्याशिवाय आडवा येत नाही.

पाटाकडील_पोरगं
ताई, छपरावर ठोकायचा एक फायदा आहे की. कुणी उचलून नेत नाही.

शाहूपुरीतली
@पाटाकडील_पोरगं, सायकलची साखळी आणि कुलूप. झालं.

उद्यमनगरी
स्टँडबद्दल. बाजारातला डिशचा पाया भिंतीला किंवा गच्चीला ठोकायचा असतो, तो कॅम्पिंगला कामाचा नाही. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड तर नकोच, वाऱ्यात माना टाकतो. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तीन पायांचा स्टँड करून घे. सांगताना एवढं नीट सांग:

पाय मधल्या खांबापासून कमीत कमी दोन फूट फाकले पाहिजेत. प्रत्येक पायाची लांबी वेगळी कमी-जास्त करता यायला हवी, पाइपात पाइप आणि बाजूनं आवळायचा बोल्ट. उताराच्या जागी याशिवाय खांब सरळ होत नाही. मधला खांब एक मीटर पुरे, उंच केला की वारा जास्त. खांबाचा पाइप घेताना डिशचा क्लॅम्प सोबत ने आणि बसवून बघ, "बसतंय की" यावर विश्वास ठेवू नको. पाइप बारीक निघाला की क्लॅम्प आवळूनही डिश गरगर फिरते. मग लोक सायकलची ट्यूब गुंडाळतात, ती उन्हात मऊ होते आणि दुपारनंतर सिग्नल घसरतो.

तिन्ही पाय जिथं मिळतात तिथं खाली एक हूक वेल्ड करून घे. त्याला वीस लिटरचा पाण्याचा कॅन टांगायचा, बरोबर मधोमध. पाणी तसंही सोबत असतंच.

तिखट_जाळ
आणि पाणी पिऊन संपलं की डिश उडाली!

उद्यमनगरी
म्हणून तो कॅन शेवटी उघडायचा, शहाण्या. ताशी साठ किलोमीटरच्या वाऱ्यात साठ सेंटिमीटरच्या डिशवर पाच-सहा किलोचा रेटा बसतो. वीस किलो मधोमध टांगलेले आणि पाय दोन फूट फाकलेले असतील तर स्टँड उलटत नाही. मसाई पठारासारख्या मोकळ्या जागी वर तीन दोऱ्या आणि खुंट्याही ठोक.

रंकाळाकाठ
जमिनीवरचा स्टँड पक्का. आता कंपनी कोणती? घरी एक पैसे भरायचं कनेक्शन आहेच.

वायरमन_लक्ष्मीपुरी
मग घरचा बॉक्स उचलून घेऊन जा की भावा. वर्गणी बॉक्सला आणि कार्डाला असते, डिशला नाही. घरची डिश घरीच राहू दे, गाडीसाठी त्याच उपग्रहाकडे बघणारी फक्त एक जादा डिश आणि एलएनबी (डिशच्या दांड्याच्या टोकाला बसणारा, सिग्नल पकडणारा डबा) घे. टीव्ही एका वेळी एकाच ठिकाणी बघणार असशील तर दुसऱ्या कनेक्शनचे पैसे कशाला?

एक लक्षात ठेव. पैसे भरायचा बॉक्स काही आठवडे बंद राहिला तर सुरू केल्यावर वाहिन्या लगेच उघडत नाहीत. उपग्रहाकडून परवानगीचा संदेश पुन्हा यावा लागतो. बॉक्स चालू ठेवून थांबायचं किंवा रिफ्रेश पाठवायचा. रिफ्रेशला फोन लागतो, म्हणजे हे काम निघायच्या आदल्या रात्री घरीच उरकायचं.

अंशमापे
वायरमनचा सल्ला बरोबर, पण नवं घ्यायचंच असेल तर कॅम्पिंगला फ्री डिश. महिन्याचं काही भरायचं नाही, बंद ठेवली तरी रुसत नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, डीडी स्पोर्ट्स आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली हीच सेवा. बॉक्स एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वाला घ्या. जुना एमपीईजी-२ चा बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर काही वाहिन्या दिसतच नाहीत आणि माणूस डिश हलवत बसतो.

पाटाकडील_पोरगं
आयपीएल दिसतं का फ्री डिशवर? बाकी सगळं सोडा.

गवा_आला_पळा
२००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, ते दूरदर्शनवर येतात. आयपीएल त्यात बसत नाही. तुला घरचा बॉक्सच न्यावा लागणार.

पाटाकडील_पोरगं
आणि आमच्या तालमींचा फुटबॉल?

मिसळपंथी
तो बघायला शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसायचं असतं. डिशवर तो आवाज येत नाही.

दूरदेशी
अमेरिकेतून परत येताना लोक तिथल्या आरव्हीवर लावायचा घुमट आणतात, बटण दाबलं की स्वतःच उपग्रह शोधणारा. इथं नाही का चालणार?

अंशमापे
नाही. तिथल्या दोन्ही मोठ्या डीटीएच सेवा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे (म्हणजे गोल फिरत येणाऱ्या लहरींचे) सिग्नल वापरतात, एलएनबी त्याच पद्धतीचा. आपल्याकडे उभे-आडवे सिग्नल. वर त्या यंत्राच्या डोक्यात उपग्रहांची यादी तिकडची भरलेली. ते आपल्या आभाळात त्यांचा उपग्रह शोधत फिरत राहील. मोटर चांगली आहे, बाकी शोभेची वस्तू.

रंकाळाकाठ
प्रत्यक्ष लावायची रीत कुणी टप्प्याटप्प्यानं सांगेल का? मागं कोण उभा राहून "आलं, आलं, गेलं" ओरडणार तेही.

वायरमन_लक्ष्मीपुरी
ओरडायला कुणी लागत नाही. टीव्ही उचलून डिशजवळ खुर्चीवर ठेव, किंवा टीव्हीचं तोंड दाराकडं कर.

आधी आग्नेयेला मोकळं आभाळ बघ. मोबाईलचं कंपास वापरायचं तर गाडीपासून दहा पावलं लांब उभा राहा, पत्रा सुई ओढतो. फोनच्या कव्हरात चुंबक असेल तर कव्हर काढ. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तो हिशोब सोडून दे. फ्री डिश धरली तर १२९ च्या रेषेत लांबचं एखादं झाड किंवा खांब हेरून ठेव.

मग स्टँड. गवंड्याची पाणसळ खांबाला दोन बाजूंनी लाव, एकदा समोरून, एकदा काटकोनात. दोन्हीकडं बुडबुडा मधे आला पाहिजे. ओळंबा असेल तर तोही चालतो, वाऱ्यात झुलतो एवढंच.

डिश चढव, एलेव्हेशन रेघेवर आण. पहिल्यांदाच असेल तर क्लॅम्पच्या पट्टीवर ६० धर, पट्टी दोन-तीन अंशांनी खोटं बोलते हे गृहीत धर. आणि डिश बघून घाबरू नको. ती साठ अंश वर बघतेय असं दिसणारच नाही, बरीच उभी दिसेल. एलएनबीचा दांडा खालून येतो अशा डिशचा मधला अक्ष तोंडाच्या सरळ रेषेपेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतो. नवखा माणूस "ही तर जमिनीकडं बघतेय" म्हणून वाकवतो आणि तिथंच सगळं बिनसतं.

केबल जोड, त्यानंतरच बॉक्सला वीज दे. बॉक्स चालू असताना केबल काढायची-लावायची नाही, मधली तार जाळीला टेकली की एलएनबीला जाणारा पुरवठा शॉर्ट होतो. बॉक्समध्ये एलएनबी ९७५०/१०६०० ठेव आणि सिग्नलचं पान उघड.

आता डिश दिशा ११५ वर ने आणि १४० कडं सावकाश आण. एका वेळी बोटाच्या पेराएवढं सरकव आणि तीन-चार सेकंद थांब. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, घाईत उपग्रह ओलांडून जातो. पूर्ण फेरीत काही मिळालं नाही तर एलेव्हेशन दोन अंश वर करून पुन्हा, मग दोन अंश खाली.

स्ट्रेंग्थकडं बघू नको. केबल जोडली की स्ट्रेंग्थ वर जाते, डिश भिंतीकडं असली तरी. क्वालिटी बघ. क्वालिटी उठली की त्या जागेच्या दोन्ही बाजूंना जिथं ती पडते त्या खुणा कर आणि बरोबर मध्यावर आण. मग एलेव्हेशनचंही तसंच. शेवटी एलएनबी त्याच्या कड्यात थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं फिरव. हे शेवटचं काम कुणी करत नाही आणि पाऊस आला की चित्राचे चौकोन पडतात. जमला की एलएनबी आणि कडं या दोघांवरून एकच रेघ मार.

नट आवळताना एकदम एकच पूर्ण आवळू नको, आळीपाळीनं आवळ. आवळतानाच डिश सरकते.

तिखट_जाळ
ते दोन-तीनशेचं पिपाणी वाजवणारं सॅट फाइंडर घेऊ का? कीं कीं करतंय.

अंशमापे
घे, पण ते फक्त "काहीतरी आहे" एवढंच सांगतं. ९३.५ आणि ९५ यांत दीडच अंशाचं अंतर. फाइंडर दोन्हीला सारखाच ओरडतो. फ्री डिश शोधताना डिश टीव्हीवर अडकला की फाइंडर खुशीत आणि बॉक्सवर क्वालिटी शून्य. अशा वेळी डिश दक्षिणेकडं दोन अंश आणि किंचित वर. शेवटचा शब्द बॉक्सचा.

शाहूपुरीतली
केबलचं कुणी बोललं नाही. आरजी-६, पंधरा मीटर पुरे. आरजी-५९ जुन्या केबलवाल्यांची असते, ती घेऊ नका. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड) बसवताना वरची जाळी मागं दुमडायची. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी "सिग्नल नाही". डोळ्याला दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. आखूड राहिली तर लागत नाही, लांब राहिली तर बॉक्सचं सॉकेट फाकतं.

एलएनबीच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप. गाडीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, आत येणार नाही.

रंकाळाकाठ
आता तिसरा प्रश्न, वीज.

उद्यमनगरी
इन्व्हर्टर नको. बॉक्सच्या आणि टीव्हीच्या अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल वाच. दोन्हीवर आउटपुट १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तर बॅटरीतून सरळ देता येतं. बॅटरीचं १२ आधी २३० करायचं आणि अ‍ॅडॅप्टरनं पुन्हा १२, म्हणजे मिरजेला जायला सांगोल्यावरून वळसा. टीव्ही ३० वॉट, बॉक्स १२ वॉट धर. चार तासांना १६८ वॉट-तास, म्हणजे बॅटरीतून १४ एएच. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, तर ५० एएच हाताशी. नुसत्या टीव्हीला तीन संध्याकाळी आरामात. पंखा, दिवे, फोन धरून रोज सोलर भरून काढेल.

पण "सरळ" म्हणजे तार काढून जोडली असं नाही. इंजिन चालू असताना त्या तारेवर १४.४ व्होल्टपर्यंत जातं, बॅटरी उतरली की १२ च्या खाली. मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसव, वाढवणारा आणि कमी करणारा दोन्ही, पाच अँपिअरचा. बॅटरीच्या धनटोकाजवळ साडेसात अँपिअरचा फ्यूज, टीव्हीजवळ नव्हे.

तार अडीच चौरस मिलिमीटर. पाच मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन दहा. एक चौरसची तार चार अँपिअरला पाऊण व्होल्ट खाते, अडीचची पाव व्होल्टच्या आसपास.

वायरमन_लक्ष्मीपुरी
उद्यमनगरीशी सहमत, एक भर. व्होल्टेज बसलं की पहिली तक्रार चित्राची नसते. "अर्ध्या वाहिन्या येतात, अर्ध्या नाहीत" अशी असते. बॉक्स केबलमधून एलएनबीला १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभे सिग्नल येतात, १८ पाठवतो तेव्हा आडवे. पुरवठा कमजोर असेल तर १८ होत नाही आणि आडव्या बाजूच्या वाहिन्या गायब. डिश हलवू नका, आधी मीटर लावा.

दूरदेशी
इन्व्हर्टर असेलच तर?

उद्यमनगरी
प्युअर साइन वेव्ह. स्वस्तातल्या चौकोनी लाटेवर टीव्ही गुणगुणतो आणि अ‍ॅडॅप्टर तापतो.

गवा_आला_पळा
पावसाचं सांगा कुणीतरी. गगनबावडा-आंबोली म्हटल्यावर तोच मुद्दा.

अंशमापे
धुक्यानं काही होत नाही, जोरदार पावसानं होतं. केयू बँडचा (डीटीएच ज्या लहरींवर येतं त्या पट्ट्याचा) सिग्नल थेंबांत विरतो. ९० सेंटिमीटरची डिश ६० पेक्षा साडेतीन डेसिबल जास्त पकडते, पण तिची नजर दोनच अंशांची, म्हणजे लावायला अवघड आणि वाऱ्याला सव्वादोनपट तोंड. आंबोलीचा जुलै-ऑगस्ट सोडला तर ६० पुरे. कोसळत असेल तेव्हा दहा मिनिटं थांबायचं, बाकी काही करू नका. सरीत डिश हलवणं ही सर्वात महाग चूक.

एप्रिल-मे मधला वळीव मात्र वेगळा. गडगडाट ऐकू आला की बॉक्स बंद, मग केबल गाडीबाहेर काढून टाकायची. मोकळ्या पठारावर लोखंडी स्टँड म्हणजे विजेला आवतण.

आणखी एक, कुणी घाबरू नये म्हणून. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता-संपता काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. आपोआप परततं.

मिसळपंथी
सकाळी अकराला टीव्ही कोण बघतंय? कट वाढून घ्यायची वेळ आहे ती.

शाहूपुरीतली
राधानगरीबद्दल एक विनंती. ते १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, गव्याचं. टीव्ही लावा, पण गाडीच्या आत, आवाज दाराबाहेर जाऊ देऊ नका. जंगलात रात्री कॉमेंट्री घुमवणारे लोक बघितले की डिश उचलून धरणात टाकावीशी वाटते.

गवा_आला_पळा
+१. माझं नाव उगाच नाही.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलं: घरचा बॉक्स नेणार, जादा ६० ची डिश, उद्यमनगरात स्टँड, डीसी-डीसी कन्व्हर्टर. शेवटचा प्रश्न. डिश गाडीत उभी ठेवायची की आडवी? मागं सामानात दबून वाकेल अशी भीती वाटते.

उद्यमनगरी
उभी, बाकाच्या पाठीला पट्ट्यानं बांधून, एलएनबीचा दांडा काढून वेगळा. वाकली की नाही ते तपासायला दोन दोरे घे. एक वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत, दुसरा डाव्यापासून उजव्यापर्यंत, दोन्ही ताणून काठाला चिकटव. मधे दोन्ही दोरे एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. फट पडली किंवा एकानं दुसऱ्याला ढकललं तर पत्रा पिळलाय. फट असेल तर दोरे अदलाबदल करूनही एकदा बघ.

अंशमापे
घरचा बॉक्स नेणार म्हणालास, पण घरी कोणत्या कंपनीचा आहे ते सांगितलं नाहीस. ८३ वाला असेल तर दाराला चिकटवलेल्या कागदावरचा आकडा वेगळा.

रंकाळाकाठ
८३ च निघाला. म्हणजे १५२ आणि ६८.

अंशमापे
बरोबर. आणि झाडांचं अंतर आणखी कमी झालं, उंचीच्या चार दशांश पुरे. हंपीला दिशा १५७, एलेव्हेशन ७०. दोन रेघा मार.